आप्पांनी ताडपत्री सोडली न्हाई

माझ्या लग्नाला आलेल्या वऱ्हाडानं माझ्या आप्पांचा जीव घेतला.

बिबट्यानं न्हाई.

आज वर्ष झालं, तरी गावात "बिबट्यानं मारलं" असंच सांगतेत. ऐकलं की डोकं फिरतं माझं. म्हणून आज लिहिते. ज्याला अनफ्रेंड करायचं त्यानं खुशाल करा.

आप्पा म्हणजे माझे थोरले चुलते. आईवडील ऊसतोडीला गेले की मी आप्पांजवळ राहायची. माझी वेणी आप्पा घालायचे. वाकडी घालायचे, पण रोज घालायचे. नर्सिंगला अंबाजोगाईला सोडायलाबी तेच आलते, अन् गेटवर माझ्यापेक्षा जास्त रडलते.

लग्नाच्या दिवशी पहाटे गावामागच्या पिंजऱ्यात बिबट्या अडकला.

त्यानं आप्पांचीच कालवड खाल्ली होती. तरी राखणीला कोण बसलं? आप्पाच.

वनखात्याचा माणूस गाडी आणायला जाताना त्यांना बजावून गेलता, "ताडपत्री काढू नका. माणसं दिसली की जनावर गजावर डोकं आपटून मरतं."

झालं. दाखवायचं न्हाई म्हणल्यावर आपली माणसं घरी बसतेत व्हय?

माजलगावकडून आली, धारूरकडून आली. बायका लेकरं कडेवर घेऊन, पोरं टिबलसीट. कुणीतरी भेळीची गाडी लावली. एक जण म्हणला, "झू बघायला संभाजीनगरला जायची गरजच न्हाई, आपल्याच रानात फुकट हाय!"

लोक ताडपत्रीखालून काठ्या टोचायचे. आतून जनावर गजावर आदळायचं, की बाहेर शिट्ट्या. आप्पा एकटेच सगळ्यांना मागं रेटत होते.

तेवढ्यात वऱ्हाड आलं. मांडव सोडून आधी पिंजऱ्याकडं.

आप्पांनी सकाळपासून चहासुद्धा घेतला नव्हता, म्हणून मी लग्नाच्या पांढऱ्या साडीवरच थर्मास घेऊन गेलते. त्यामुळं पुढचं सगळं मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. ऐकीव न्हाई.

नवरदेवाचा चुलतभाऊ म्हणला, "ए बाबा, काढ ती ताडपत्री. लांबून आलाव आमी."

"पाहुणे, जेवायला चला. हे बघायचं न्हाई."

"पाहुण्याला न्हाई म्हणतो का बे?"

आप्पांनी हात जोडले. "सोयरे हाव म्हणून पाया पडतो. आत्ता मांडवात पाणातिपाता म्हणणार ना तुमी? कुठल्या जिवाला मारणार न्हाई म्हणून? मग हितं काठ्या कावून?"

सगळे हसले.

ज्याच्याशी माझं लग्न होतं तो मोबाईल धरून उभा होता. म्हणला, "आप्पा, दोन मिनिटं फक्त. रील काढू द्या."

आप्पांनी ताडपत्रीचं टोक दोन्ही हातांनी धरलं अन् पिंजऱ्याला पाठ लावून उभे राहिले.

पहिली काठी खांद्यावर बसली. दुसरी तोंडावर. ओठ फाटला, दात बाहेर पडला, तरी टोक सोडलं न्हाई. मग लाथा. मी थर्मास फेकून मधी घुसले, तर मला कुणीतरी दंडाला धरून मागं ओढलं. "नवरीनं मधी पडू नये" म्हणं!

चुलतभावानं अन् अजून एकानं आप्पांना उचललं. "बघायचं न्हाई म्हणतो? मग तूच बघ!" असं म्हणून पिंजऱ्यावर फेकलं.

गजातून पंजा बाहेर आला.

मानेपासून छातीपर्यंत सगळं उघडं पडलं.

मी साडीचा पदर जखमेत कोंबला. मी नर्स हाय, मला कळलं होतं. तरी दाबून धरलं. ताडपत्री एका बाजूनं सरकली होती, आतलं दिसावं म्हणून एक जण माझ्या हातावर पाय देऊन पुढं गेला. आप्पा खाली पडलेत, अन् माणसं मोबाईल वर करून बिबट्याला आवाज देतेत!

दवाखान्यात नेताना धारूरच्या घाटात गाडीतच आप्पा गेले.

त्यांना घेऊन माघारी आलो, तर वऱ्हाड जेवून बसलेलं. होणारा सासरा माझ्या वडिलांना म्हणला, "जनावराचा काय भरवसा? झालं ते झालं. उद्या साध्या पद्धतीनं उरकून घेऊ." वडील खाली मान घालून ऐकत होते.

मातीच्या वेळी तेबी सगळे आले. गुरुजींनी पंचशील सुरू केलं. नवरदेवानं हात जोडले, डोळे मिटले.

मी वरडले, "थांबा गुरुजी! यांच्या तोंडून पाणातिपाता ऐकायचं न्हाई मला. यांनी आप्पांना पिंजऱ्यावर फेकलंय."



मग माझ्या वडिलांनी मान वर केली. आयुष्यात कुणाला अरे म्हणलं न्हाई असा माणूस. म्हणले, "निघा."

ते निघाले. लग्न तिथंच मोडलं, अन् मला त्याचं तिळमात्र दुःख न्हाई.

दुःख दुसरंच हाय.

केस चालू हाय, पण साक्षीला एक माणूस मिळेना. दारोदार फिरले मी. "आमी मागं होतो." "आमाला दिसलं न्हाई." "गर्दी लई होती."

अरे, बिबट्याच्या मिशा दिसल्या तुमाला! झूम करून स्टेटसला ठेवल्या! अन् समोर मरणारा माणूस दिसला न्हाई?

माझ्या फ्रेंडलिस्टमधीच तुमच्यातले लई जण हाव. ही पोस्ट वाचताव. नावं मला ठाऊक हायत. त्या दिवशी बघायलाच आलते ना?

मग काय बघितलं ते आता येऊन सांगा.

आप्पा, बिबट्या जिवंत गेला. तुमाला माघारी आणल्यावर वनखात्याची गाडी आली, तवा तुमची ताडपत्री मीच परत नीट घातली होती.

शेवटचा जय भीम, आप्पा.
तुमची वाकड्या वेणीची पोरगी.