पालथ्या दिवसांतला पॅरामेशियम

माझा डावा डोळा लहानपणापासून आळशी. त्याला माणूस दिसतो, चेहरा नाही. त्यामुळे वाचणं, सुई ओवणं, रस्ता ओलांडणं, सगळा भार उजव्यावर. अलिबागच्या कॉलेजात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवताना मला त्याचं कधी काही वाटलं नाही. सूक्ष्मदर्शकाला एकच डोळा पुरतो.

त्या दिवशी पॅरामेशियमचं प्रॅक्टिकल होतं. नागावला आमच्या वाडीतल्या तळ्याचं पाणी आणि मूठभर पेंढा मी आधीच बरणीत घालून ठेवते. पाणी कुबट वास मारायला लागलं, की त्यात हे जीव हमखास सापडतात. काचेवर थेंब ठेवला, त्यांनी फार पळू नये म्हणून कापसाचे तंतू टाकले आणि डोळा लावला. खालच्या बाजूने काहीतरी काळं वर आलं होतं. भिंग पुसलं, काच बदलली. काळं तसंच.

शेजारी उभ्या असलेल्या मुलीला म्हटलं, "बघ गं, तुला खाली काळं दिसतंय का?"

"नाही मॅडम, स्वच्छ आहे. तो बघा, पळाला!"

मी मान वर करून भिंतीकडे पाहिलं. पांढऱ्या भिंतीचाही खालचा भाग काळा होता.

अलिबागच्या डॉक्टरांनी डोळ्यात थेंब घालून बराच वेळ तपासलं. "आतला पडदा सुटलाय. आजच मुंबईला जा," म्हणाले. नवरा घरच्या दोन खोल्या पर्यटकांना देतो; नुकत्याच आलेल्या पाहुण्यांना शेजारच्यांवर सोपवून तो तसाच धावत आला. मांडव्याहून बोट सुटली तेव्हा त्याने माझं मनगट धरलं होतं ते गेटवे येईपर्यंत सोडलं नाही. मधूनमधून विचारायचा, "दिसतंय ना?" मी "हो" म्हणत होते. काळं मात्र हळूहळू वर चढत होतं.

ऑपरेशन दुसऱ्या दिवशी झालं. डॉक्टरबाईंनी समजावलं, "डोळ्यात गॅसचा फुगा सोडलाय. तो पडद्याला आतून टेकू देईल. पण त्यासाठी तुम्ही पालथंच राहायचं. जेवताना, चालतानासुद्धा मान खाली."

"दिसेल ना मला?"

"पडदा बसला तर दिसेल. किती, ते आत्ता नाही सांगता येणार."

परतीच्या बोटीत मला फक्त लोकांच्या चपला दिसल्या. घरी नवऱ्याने दोन बाकं जरा अंतर ठेवून मांडली, वर गादी घातली आणि चेहऱ्यापुरती फट ठेवली. त्या फटीतून खालची लादी बघत मी दिवस काढायचे. एका दुपारी मला रडू आवरेना. डोळ्याला बरं नाही म्हणून रडायलाही भीती. नवरा जवळ आला. खाली लादीवर उताणा झोपला आणि सरकत सरकत माझ्या चेहऱ्याखाली आला. डाव्या डोळ्याला तो धुरकट दिसत होता.

"अगं, त्या दिवशी तू काय बघत होतीस?"

"पॅरामेशियम."

"म्हणजे काय, ते सांग की. इतकी वर्षं बरणीचा वास तेवढा घेतलाय मी."

मी नाक ओढलं आणि सांगायला लागले. एकच पेशी, चपलेच्या तळासारखी. अंगभर बारीक केस, त्यांनी वल्हवत जाते. एका बाजूला खळगी असते. केस पाणी आत लोटतात, त्याबरोबर जिवाणू येतात. त्यांची एक पुडी बांधली जाते, ती पेशीत फिरता फिरता पचते, उरलेलं ठरलेल्या जागेतून बाहेर.

"आणि श्वास?"

"नाक नाही, फुप्फुस नाही. पाण्यातला प्राणवायू अंगातूनच आत झिरपतो. पाणीही सारखं झिरपतं, म्हणून आत दोन पिशव्या असतात. भरल्या की आकसतात आणि पाणी बाहेर फेकतात. नाहीतर फुगून फुटेल बिचारी."

"पोरं?"

"कमरेत आवळत जाते आणि एकीच्या दोन होतात."

"मग आई कोण, लेक कोण?"

"कुणीच नाही. दोघी नव्या."

त्याला ते फार आवडलं. मग म्हणाला, "डोळे असतात?"

"नाहीत."

"मग आपटत असेल."

"आपटते. केस उलटे वल्हवून मागे येते, जरासं तोंड फिरवते आणि परत पुढे जाते."

"बरंय की मग," तो म्हणाला आणि मला हसू फुटलं. "अगं हसू नको, हलतेयस!" तो खालून ओरडला. मग रोज दुपारी तो तसाच येऊन झोपायचा. अमिबा, युग्लीना, यीस्ट, सगळे झाले.

मान वर करायची परवानगी मिळाली तेव्हा डोळ्यातला फुगा मलाच दिसायचा. बाटलीतल्या पाण्यासारखी त्याची कड डुचमळायची, आणि कडेच्या वरचं जग साफ असायचं. फुगा रोज थोडा लहान होत गेला आणि एके सकाळी नव्हताच. खिडकीचे गज सुरुवातीला मधे वाकडे दिसले, पुढे सरळ झाले. मुंबईला डॉक्टरबाईंनी तपासलं आणि म्हणाल्या, "पडदा घट्ट बसलाय. जा, शिकवा." मी त्यांच्यासमोर खुर्चीत नुसती बसून राहिले.

कॉलेजात रुजू व्हायच्या आधी, सुट्टीच्या दिवशी, आम्ही दोघं प्रयोगशाळेत गेलो. नव्या बरणीतला थेंब काचेवर ठेवला. डोळा लावला. आधी नुसता उजेड दिसला. मग कापसाच्या दोन तंतूंमध्ये अडकलेला एक पॅरामेशियम. त्याच्या आतली पाण्याची पिशवी फुगली, आकसली, नाहीशी झाली आणि हळूहळू पुन्हा भरायला लागली. मी तेवढंच बघत बसले. छातीवरचं इतक्या दिवसांचं ओझं उतरलं आणि डोळ्यातून घळाघळा पाणी आलं. या वेळी मी ते येऊ दिलं.

"दिसतंय ना?" नवऱ्याने विचारलं.

"सगळं."

मग तो वाकला. "मला तर माझ्याच पापण्या दिसतायत," म्हणाला. थोडं मागे हो, दोन्ही डोळे उघडे ठेव, असं सांगत राहिले, आणि एकदम तो ओरडला, "अरे, चालली! ही बघ, चालली!"

बाहेर पडलो तेव्हा दोघांनाही भयंकर भूक लागली होती. स्टँडजवळच्या हॉटेलात बसल्यावर मी भिंतीवरची पदार्थांची पाटी वरपासून खालपर्यंत मोठ्याने वाचून काढली. वेटर ताटकळत उभा होता. वाचून झाल्यावर नेहमीचीच मिसळ मागवली.