व्हेरिफाय वगळून

अंबरनाथ पश्चिमेच्या एका इमारतीत, गच्चीवरच्या मशिनरूममध्ये मी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले होते आणि पडद्यावर पुन्हा तीच लाल अक्षरं आली: व्हेरिफाय फेल, म्हणजे बोर्डात उतरलेलं मूळ प्रोग्रॅमशी जुळत नाही. लिफ्टच्या कंट्रोल बोर्डात नवा प्रोग्रॅम भरायला आले होते. जुना पुसून झाला होता आणि नवा काही केल्या बसेना. सकाळपर्यंत रडतखडत का होईना चालणारी लिफ्ट मी पार बंद पाडली होती.

पाचव्या मजल्यावरच्या मावशींना दुपारी डायलिसिसला उल्हासनगरला पोचायचं होतं. जिने उतरणं त्यांना शक्यच नव्हतं. त्यांचा मुलगा सारखा वर येऊन दारात उभा राही.

"मॅडम, होईल ना? आजचा नंबर गेला तर लगेच दुसरा नाही मिळणार. पाय बघा ना तिचे, किती सुजलेत."

"होईल," मी म्हटलं.

उल्हासनगरला आमच्या वर्कशॉपच्या शेठना फोन लावला. "अरे, व्हेरिफाय वगळायचा ऑप्शन आहे ना स्क्रिप्टमध्ये? डाल दे. अपने टेबल पे तो रोज चलता है."

तो टाकला की लाल अक्षरं जाणार होती, चूक तिथेच राहणार होती. माझं डोकंच फिरलं. "शेठ, यात माणसं बसतात!" म्हणून फोन कापला.

मग नीट बघितलं. दर वेळी चूक वेगळ्याच जागी येत होती. चिप खराब असती तर ती एकाच जागी आली असती. म्हणजे डेटा वाटेतच बिघडत होता. वर्कशॉपच्या टेबलवर लॅपटॉपपासून बोर्डापर्यंतची आमची वायर वीतभर असते. इथे बसायला जागा हवी म्हणून मी लांबलचक वायर चालू मेन केबलला खेटून ओढली होती, तिच्या विजेचा गोंधळ वायरीत शिरणारच, आणि प्रोग्रॅम भरणाऱ्या स्क्रिप्टमधला स्पीड मात्र टेबलवरचाच, सगळ्यात जास्त. टेबलवर चाललं की तेच उचलून साइटवर न्यायचं, ही आम्हा सगळ्यांची खोड.

आखूड वायर लावली, स्पीड अगदी खाली आणला आणि लॅपटॉप हातात धरून कंट्रोल पॅनेलला खेटून उभी राहिले. आकडे मुंगीच्या पावलांनी सरकत होते. शेवटी आलं: व्हेरिफाय ओके.

लिफ्ट रिकामी वरखाली फिरवून पाहिली. मुलगा मावशींची व्हीलचेअर आणायला धावला. "थांबा," मी म्हटलं, "आधी मी."

पाचव्यावर उतरून मी लिफ्टमध्ये शिरले, दार बंद झालं आणि आतला दांडा घट्ट धरून ठेवला. तळमजल्यापर्यंत जाऊन परत पाचव्यावर आले. दार उघडलं तर मावशी समोरच. माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या.

"भीती वाटली का गं तुला?"

"हो."

"मग आता मला नाही वाटत," त्या म्हणाल्या आणि मुलाला खुर्ची आत घ्यायला सांगितली.