शूटिंग चालू आहे

आमच्या टूरच्या गाडीवर मी ड्रायव्हर, तो गाइड. बेंगळूर बघायला आलेल्यांना हिरोंचे बंगले दाखवायचे, हा त्याचा धंदा. मोठं गेट दिसलं की "अण्णा, स्वल्प हळू" म्हणून घसा खाकरायचा आणि सुचेल त्या हिरोचं नाव ठोकून द्यायचा. मी अंगठाछाप, पाटी कुठं वाचतो? एका दातांच्या डॉक्टरच्या बंगल्याला मी वर्षभर नमस्कार करत होतो.

परवा अशाच एका गेटापुढे मयत ठेवलेलं, बायका रडत होत्या. ह्यानं माइक घेतला, "शूटिंग चालू आहे, फोटो काढा!"

एक पोरगी डोळे पुसत खिडकीशी आली आणि कन्नडात म्हणाली, "माझे अप्पा गेलेत हो, जावा इथून." गाडीतले सगळे उत्तरेकडचे, त्यांना काय कळणार?

हा म्हणाला, "बघा, काय डायलॉग मारला!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

असा संताप आला, वाटलं ह्याचं थोबाड फोडावं. फोडतोय कसला! फोटो हलू नयेत म्हणून इंजिन मीच बंद केलं होतं, आणि परत चालू करायला त्याच्या "राइट"ची वाट बघत बसलो होतो.