गुंतवळाची माती

अक्षर वाईट आहे, चुकाही होतील. चौथी शिकलेल्या बाईला माफ करा. तोंडाने सांगायला लाज वाटते म्हणून लिहिते. भूतखेत मी कधी मानलं नाही. घाटंजीकडे जन्मभर भिंती लिंपल्या, माती ती माती.

शहरातली एक मूर्तिकार मॅडम गावाबाहेरच्या रिकाम्या गोदामात बाईच्या पोटासारखं घर बनवत होती. वाकून आत शिरायचं. कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा सांगाडा, वरून माती. "मावशी, शरीर, घर, निसर्ग, सगळं एकच," ती म्हणाली. मी मान हलवली. लिंपायचा इसार घेतला होता, तो लेकीच्या बाळंतपणात खर्चही झाला होता.

मातीत आम्ही कुटार, म्हणजे भुसा, घालतो. मॅडमला केस हवे होते. केसांवर भांडी देणाऱ्या भांडेवालीसाठी ठेवलेलं, विंचरताना निघालेलं गुंतवळ बायांनी पिशव्या भरभरून आणलं... तेलकट, लिखा लागलेलं. शेजारची शांता हसली, "काहून वो, आता घराले बी वेणी घालता का?"

ते मातीत घालून मी पायाने तुडवलं.

सगळं वाळलं, पण आतून छताचा मधला भाग ओलाच राहायचा. खरवडून कोरडी माती लावली, तरी तेच. एका दुपारी तळवा ठेवला आणि झटकन ओढला. ते उडत होतं — तान्ह्या बाळाची टाळू उडते तसं! नातवाची टाळू मी रोज तेलाने भरते, माझा हात चुकणार नाही. पुन्हा बघायला गेले तर बोट आत रुतलं. गरम, गिळगिळीत. आंबलेल्या दुधाचा वास. केस बोटाला गुंडाळले. मी तिथेच ओकले.

शांताने हात लावला. "अवं माय, हे तं उडून राह्यलं!" म्हणत ती पळाली.

मॅडमने मात्र त्याला गाल लावला. "किती जिवंत वाटतंय!" म्हणाली. मला तिचीही किळस आली.

राखेने, चिंचेने घासले तरी हातांचा वास जाईना. त्याहून वाईट म्हणजे नातू आईचं दूध सोडून माझा तळवा चोखू लागला. लेक रडायला लागली, "आई, त्याले हात नको लावू वं!" नाही लावला, तेव्हा दोन-चार दिवसांत तो पुन्हा तिला प्यायला लागला.

काम सोडते म्हटलं. मॅडम म्हणाली, "मग इसार परत द्या, नाहीतर छत पूर्ण करा." बरोबरच होतं तिचं. मी कापूस वेचायला गेले, थोडे थोडे पैसे तिला परत देत राहिले.

ते काय होतं, मला आजही सांगता येत नाही.

शेवटचे पैसे गोदामाच्या दारातूनच दिले. "मावशी, एकदा आत येऊन हात लावून जा ना," ती म्हणाली. मी दोन्ही हात पदराखाली घेतले. इसार पुरा फिटला होता. आता मला कोणी आत बोलावू शकत नव्हतं.