आत्याची कपात सूचना

माझी आत्या आज पहाटे गेली. आणि सकाळी तिच्याच पक्षाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, "बाई चांगली होती, पण मनानं तिकडचीच."

खाली अंगठेही पडले.

मला भांडायचं नाही. दमलेय. पण ती 'तिकडची' कशी ठरली, ते एकदा सांगते.

आत्या पाथर्डी तालुक्यात झेडपीच्या शाळेत बाई होती. दिवाळी झाली की तिचा अर्धा वर्ग रिकामा. पोरं आईबापांबरोबर ऊसतोडीला जायची. उन्हाळ्यात परत यायची तेव्हा जोडाक्षरं विसरलेली असायची.

पुढे ती राजकारणात आली आणि एकदाच खासदार झाली. विरोधी पक्षाची.

दिल्लीत तिचं ऑफिस मी सांभाळायचे.

तिची मागणी एकच होती. आईबाप तोडीला गेले तरी पोरांना गावातच राहता येईल अशी वसतिगृहं. आज चालू, उद्या बंद, अशी नकोत. केंद्राच्या बजेटमध्ये कायमची तरतूद हवी.

शेजारच्या जिल्ह्याचे खासदार सत्ताधारी पक्षाचे. आत्या त्यांना भाऊसाहेब म्हणायची. त्यांच्याकडचीही पोरं अशीच जायची.

एकदा संसदेच्या कँटीनमध्ये आत्या सरळ त्यांच्या टेबलावर जाऊन बसली.

"भाऊसाहेब, तुमची न् माझी पोरं एकाच ट्रकात बसून जात्यात. आपन दोघं एका गाडीत बसून मंत्र्याकडं जाऊ."

ते हसले. "चला की ताई. मला काय अडचण न्हाई."

गेले दोघं. मी बाहेर बसले होते.

मंत्र्यांनी दोघांना चहा पाजला. दोन पक्षांचे लोक एकत्र आलेत, याचं फार कौतुक केलं. 'देखते हैं' म्हणाले.

बाहेर आल्यावर आत्या म्हणाली, "लई गोड बोलले. अवघड हाय."

बजेट आलं. त्यात वसतिगृहं नव्हती.

मग तिनं कपात सूचना दिली. म्हणजे एखाद्या खात्याच्या खर्चाच्या मागणीतून नावापुरती रक्कम कमी करा असं म्हणायचं आणि त्या निमित्तानं आपलं गाऱ्हाणं मांडायचं. चर्चेत तिचं नाव होतं. भाऊसाहेबांचंही होतं. दोघं आपापल्या बाकावरून एकच विषय बोलणार होते.

आत्यानं भाषण आरशासमोर म्हणून पाहिलं होतं. खासदार झाली तरी ती शाळेच्या गॅदरिंगला घाबरायची तशीच घाबरायची.

त्या दिवशी तिच्याच पक्षानं दुसऱ्या कुठल्यातरी प्रश्नावर गोंधळ घालायचं ठरवलं. सगळे अध्यक्षांच्या आसनापुढच्या मोकळ्या जागेत उतरले. घोषणा, फलक.

आत्या जागेवरच बसून राहिली. तिला बोलायचं होतं.

मी ऑफिसात टीव्हीवर बघत होते. तिच्या पक्षाचे एक जण तिला हातानं खुणावत होते, या, या. ती मान हलवत होती, नाही.

तेवढ्यात भाऊसाहेब उठून तिच्याजवळ आले, वाकून काहीतरी बोलले. नंतर तिनं मला सांगितलं, ते एवढंच म्हणाले होते, "ताई, आज चर्चा व्हत न्हाई. सगळं एकदम मंजूर करनार हायेत."

तसंच झालं. त्या आरडाओरड्यात सगळ्या खात्यांच्या मागण्या एकत्र मांडल्या. आधी कपात सूचना मताला टाकल्या. सत्ताधारी बाकांवरून एकसुरात 'नाही'. मग मागण्या. 'हो'.

संपलं.

संध्याकाळी कँटीनमध्ये भाऊसाहेब आले. खुर्ची ओढून बसले, पण चहाला हात लावेनात.

"ताई, तुमच्या सूचनेला मीबी न्हाई म्हनलो."

"ऐकलं मी."

"ती मंजूर झाली असती तर सरकारच हरलं असं धरत्यात वो. मी हो कसं म्हननार?"

"म्हाईत हाय. तुमच्या जागी मी असते तर मीबी न्हाईच म्हनले असते." मग त्यांचा कप त्यांच्याकडे सरकवत, "तुमी निदान ऐकायला तरी बसला हुता. माझीच मानसं मला बोलू देईनात."

गाडीत मी चिडून विचारलं, "मग दोघांनी मिळून एवढं फिरून काय मिळालं?"

ती खिडकीबाहेर बघत होती. "मंत्र्याच्या दारापर्यंत मिळून जाता येतं गं. मत द्यायची येळ आली की ज्याला त्याला आपल्या बाकावर जावं लागतं."

भाऊसाहेब तिच्याजवळ वाकलेत तेवढीच क्लिप नगर जिल्हाभर फिरली. आवाज नाहीच त्यात. पुढच्या निवडणुकीला तिच्या पक्षाच्या बैठकीत ती लावली गेली. तिकीट गेलं.

भाऊसाहेबांनाही त्यांच्या पक्षानं विचारलं म्हणे, त्या बाईशी तुमचं काय चालू असतं? त्यांचंही तिकीट कापलं.

त्यानंतर आत्यानं कधी कुणाला बोल लावला नाही. फक्त टीव्हीवर बजेट लागलं की ती उठून मागच्या अंगणात जायची. तोंडली तोडायची, दोरीवरचे कपडे काढायची, काहीही. मी हाक मारली की म्हणायची, "तू बघ. मला सांगू नको."

आज दुपारी अंत्यविधीला दोन्ही पक्षांचे लोक आले. आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे भाषणं झाली. प्रत्येक जण म्हणाला, ताईंनी पक्षभेद कधी मानला नाही. ज्यांनी बैठकीत क्लिप लावली होती, तेही म्हणाले.

मला राग यायला हवा होता. आला नाही. नुसता थकवा आला.

भाऊसाहेब मागे उभे होते. आता काठी लागते त्यांना. त्यांना कुणी माईक दिला नाही, म्हणून मी जाऊन दिला.

ते म्हणाले, "आमी दोघांनी मिळून काय केलं, तर काय न्हाई. एक खोलीसुदिक बांधता आली न्हाई. पन ताईसंगं बसून मला कधी लाज वाटली न्हाई. एवढंच."

माईक माझ्या हातात देऊन ते हळूहळू गाडीकडे गेले.

आत्या, तुझं भाषण कुणी ऐकलं नाही. मी ऐकलंय, स्वयंपाकघरातून, तू आरशासमोर म्हणत होतीस तेव्हा. चांगलं होतं गं.

तुला तुझ्या भाचीचा अखेरचा नमस्कार.