परत पाठवलेला रस्सा

शेजारच्या घरातून नारळाच्या दुधात उकळणाऱ्या मटणाचा वास आला, की मला ती दुपार आठवते. बायको जाऊन महिना झाला होता आणि मी पहिल्यांदाच एकटा खानावळीत जेवायला बसलो होतो. पांढरा रस्सा मी दोनदा परत पाठवला. तिसरी वाटी ठेवताना माझ्याच वयाचा वाढपी म्हणाला, "पावणं, समद्यास्नी ह्योच रस्सा हाय की. तुमाला कसा पायजे, सांगा तरी." मला ते सांगता येईना, म्हणून मी त्याच्यावर ओरडलो. मालक धावत आला आणि भरल्या खानावळीत त्याला नाही नाही ते बोलला. तो मान खाली घालून "चुकलं" एवढंच म्हणाला. रस्सा चांगला होता, फक्त तिच्या हातचा नव्हता. हे मी तिथंच बोलायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी माफी मागायला गेलो, तर तो काम सोडून मलकापूरकडं गावी गेल्याचं कळलं. आता मी रोज खानावळीत पुढ्यात येईल ते मुकाट्यानं जेवतो. वाढणारा जाता जाता "बरं झालंय न्हवं?" असं विचारतो. मी "व्हय" म्हणतो. दिवसभरात माझं कुणाशी झालेलं बोलणं बहुधा तेवढंच असतं.