डायोडमधलं म्हशीला कळतं

आमच्या घराण्यात संगीतातलं कळणारं एकच जण आहे, आणि ते सोनईला माझ्या सासऱ्यांच्या गोठ्यात राहतं.

मी नागापूरच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला. गिटार हा माझा छंद. (बायको, सविता, त्याला ‘खाज’ म्हणते.) इंटरनेटवर कुणीतरी छातीठोकपणे लिहिलं होतं, की गिटारचा आवाज बदलणाऱ्या पेडलमधला साधा डायोड काढून जुना जर्मेनियमचा टाकला की आवाज लोण्यासारखा मऊ होतो. झालं! मला त्या लोण्याशिवाय दुसरं काही सुचेना.

तेवढ्यात मेहुणीला बघायला पाहुणे यायचे ठरले, म्हणून सासुरवाडीला गेलो. गिटार, पेडल, बॅटरीवरचा अॅम्प्लिफायर, सोल्डरिंगचा सरंजाम, सगळं बरोबर! (मोठ्या जावयाची छाप पडायला नको?) दुपारी गोठ्यात खुंटीला एक जुनापुराणा, धुळीनं माखलेला रेडिओ दिसला. अशा रेडिओत जर्मेनियम डायोड हमखास सापडतो. रेडिओ भंगारच असणार, म्हणून कुणाला न विचारता त्यातला डायोड काढला आणि पेडलमध्ये जोडला.

“ऐक, फरक कळतोय?” मी सविताला वाजवून दाखवलं.

“कशातला?”

“आवाजातला!”

“कालही डोकं दुखलं होतं, आजही दुखतंय.”

पाच वाजता गोठ्यातून मामांची, म्हणजे सासऱ्यांची, हाक आली. “आरं, रेडिओ का बोलंना?”

तेव्हा मला कळलं, की रेडिओ लागल्याशिवाय म्हैस पान्हाच सोडत नाही! सकाळचं दूध डेअरीला गेलेलं, पाहुणे सहाला येणार. दारात म्हैस असून पाहुण्यांना पिशवीच्या दुधाचा चहा? माझ्या डायोडपायी मेहुणीचं जमता जमता मोडणार! मी मुकाट्यानं कबुली दिली.

आता जावयाला बोलायचं कसं? मामा म्हशीकडं वळले. “अक्कल हाय का तुला? दुसऱ्याच्या वस्तूला हात लावती व्हय? येवढी शिकलीसवरली, लाज कशी वाटंना?”

म्हैस बिचारी माझ्याकडं बघत होती.

“मामा, परत जोडतो, अर्ध्या तासात—”

“पाहुणे फाट्यावर आलेत!” सविता ओरडली. “आता तुम्हीच वाजवा!”

शेणात पाट टाकून बसलो. रेडिओतल्या डायोडचं पेडल लावून तार छेडली. म्हशीनं बादली लाथेनं उडवली! घाबरून पेडल काढलं आणि नुसतीच गिटार वाजवली. म्हशीनं कान हलवले, डोळे मिटले, आणि बादलीत सर्र सर्र धारा पडायला लागल्या.

“वाजवत ऱ्हावा जावईबापू, थांबू नका!”

नेमके त्याच वेळी पाहुणे अंगणात येऊन उभे. मुलाच्या वडलांनी बराच वेळ मला न्याहाळलं.

“ह्ये कोण?”

“आमचे थोरले जावई,” मामा खाली बघत म्हणाले.

“म्हशीची येवढी बडदास्त! मग पोरी सुखातच हायेत म्हणायच्या.”

चहा घट्ट झाला, लग्नही ठरलं.

डायोड मी त्याच संध्याकाळी रेडिओत परत बसवला. रेडिओ ठणठणीत आहे, पण म्हैस आता त्याला भीकच घालत नाही. रोज पहाटे साडेपाचला मामांचा व्हिडिओ कॉल येतो आणि मी अंथरुणात बसून म्हशीला गिटार ऐकवतो. वाजवायला सुरुवात करण्याआधी मामा न चुकता बजावतात, “जावईबापू, त्ये पेडल तेवढं लावू नका. धा लिटरची म्हैस हाय!”